रिकाम्या यादीचं काय करायचं

आमच्या ऑफिसात मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतेच. डेटाबेसला एक यादी देऊन माहिती मागवायची आहे. यादी कधी एकाची असेल, कधी आठांची, कधी शेकड्यांची. कशी द्याल? आजकालची पोरं हुशार आहेत, फडाफडा उत्तर देतात. मग मी विचारते, "आणि यादी रिकामी असली तर?" इथे बहुतेकांची गाडी अडते. कुणी म्हणतं, मॅडम, तसं कसं होईल? कुणी म्हणतं, एरर येईल, येऊ दे. एकाने तर मला ऐकवलं की असले प्रश्न आता मशीनला विचारायचे असतात, माणसाला नाही. त्याला मी घेतलं नाही. कारण वेगळंच आहे असं मी एचआरला सांगितलं, पण कारण तेच होतं.

हा प्रश्न मला ज्यांनी शिकवला ते अंकल, आणि त्या प्रश्नाशी आयुष्यभर भांडले ते नाना, दोघंही आता नाहीत. आमची परळची चाळही पाडली. तिथे निळे पत्रे लावलेत आणि पत्र्यांवर होऊ घातलेल्या टॉवरचं चित्र आहे, ज्यात एक बाई कुत्रा घेऊन फिरतेय. आमच्या चाळीत कुत्र्याला कोणी फिरवत नसे, कुत्राच आम्हाला फिरवायचा. लोक पांगले. मी मुलाखतीत तो प्रश्न विचारते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर समोरचा उमेदवार नसतो, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

चाळ आमची अशी की मागे विहार, मध्ये अंगण, आणि रस्ता ओलांडला की मोठाली हॉस्पिटलं. गावाहून पेशंट घेऊन आलेली माणसं फुटपाथवर पथारी टाकून राहायची. डॉक्टर म्हणाले "रक्ताची सोय करा" की ही माणसं आधी चहावाल्याला विचारायची, आणि चहावाला त्यांना आमच्याकडे पाठवायचा. "तिकडे नाना आहेत बघा."

नाना आमच्या मंडळाचे अध्यक्ष. गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद पडली तेव्हा चाळीच्या दारात इस्त्रीचं दुकान टाकलं. रक्ताची गरज आली की नाना इस्त्री उभी करून ठेवत, अंगणाच्या मधोमध उभे राहत आणि तोंडाशी हात धरून ओरडत, "बी पॉझिटिव्ह कोण रिकामा हाय?" की गॅलऱ्यांतून डोकी बाहेर. माझे वडील ओ पॉझिटिव्ह. त्यांना हाक आली की ते आधी दाढी करत, मग निघत. आई म्हणायची, "माझ्या माहेरी जाताना कधी दाढी केली नाही यांनी, सुईपुढे जाताना बरी करतात." एकदा गावाकडच्या एका काकांनी दबक्या आवाजात विचारलं होतं, रक्त कुणाकुणाचं असतं म्हणून. नानांनी शर्टाची कॉलर दाबता दाबता सांगितलं, "गट विचारा बाबा, जात नका विचारू. पिशवीवर गटच लिवतात."

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. मंडळाला कुठल्याशा ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मिळाला, तो विहाराच्या मागच्या खोलीत चटया आणि लाउडस्पीकरच्या शेजारी बसला. चाळीतल्याच एका हुशार मुलाने गल्फला जाण्याआधी एक प्रोग्राम करून दिला. पेशंटचा गट टाकायचा. त्याला कुणाकुणाचं रक्त चालेल त्या गटांची यादी प्रोग्राम बनवायचा. आणि त्या यादीतल्या गटांच्या सगळ्या माणसांना मेसेज जायचा. ही यादी दर वेळी वेगळ्या लांबीची असते. ओ निगेटिव्हच्या पेशंटला फक्त ओ निगेटिव्ह चालतं. एबी पॉझिटिव्हवाला मात्र नशीबवान, त्याला आठही गट चालतात.

सगळं छान चाललं होतं, आणि मग एका रविवारी सकाळी एक भाचा आला ज्याला मामाचा गटच ठाऊक नव्हता. नानांनी गटाची जागा कोरी सोडली आणि 'पाठवा' दाबलं. गट नाही म्हणून यादी रिकामी, आणि यादी रिकामी म्हणून त्या मुलाच्या प्रोग्रामने ती अटच गाळून टाकली. म्हणजे प्रश्न उरला तो असा, की "माणसं कोण कोण आहेत?" डेटाबेस बिचारा आज्ञाधारक. त्याने सगळी चाळ हजर केली.

त्या सकाळचा हॉस्पिटलचा दरवाजा मी विसरणार नाही. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच बोलावलंय. वडील दाढी करून. पहिल्या मजल्यावरचे काका अर्ध्या डोक्याला मेंदी लावून. एका घरी हळद लागत होती, तिथल्या बायका गालावरची हळद तशीच ठेवून. रक्त कमी म्हणून जिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या ती माझी आत्यासुद्धा. वॉचमनला वाटलं मोर्चा आलाय, त्याने फाटक लावून घेतलं. रक्तपेढीतल्या डॉक्टरीण बाई धावत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, गट कोणता आणलाय?" नाना छाती काढून म्हणाले, "सगळे हायत. तुमाला पायजे तो घ्या."

चाळ त्यावर वर्षभर हसली. मला मात्र हसू येईना. मी तेव्हा फोर्टातल्या एका ऑफिसात डेटाबेसच्याच कामाला लागले होते, आणि मला कळत होतं की असं आणखी दोनदा झालं तर तिसऱ्या वेळी कोणी येणार नाही. लांडगा आला रे आला. जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट अंकलना सांगितली.

अंकल आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अंकलच म्हणत. गिरगावातल्या एका वाडीत, लाकडी जिन्याच्या घरात एकटे राहायचे. मूळचे इथलेच ख्रिश्चन. "तुमी लोक आले त्याच्या आदीपासून आमी हितं," असं मला चिडवायचे. लग्न केलं नाही. बहीण होती ती गेली. आणि त्यांचा रक्तगट होता बॉम्बे.

हा गट पहिल्यांदा याच शहरात सापडला म्हणून त्याला शहराचं नाव मिळालं. शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. असली माणसं फार थोडी. साध्या तपासणीत त्यांचं रक्त ओ गटाचंच दिसतं, पण ओ गटाचं रक्त त्यांना दिलं तर जिवावर बेततं. त्यांना फक्त त्यांच्यासारख्याचंच चालतं. अंकल हे हसत हसत सांगायचे. मला ते ऐकताना हसू येत नसे.

गोष्ट ऐकून ते पोट धरून हसले, आणि शनिवारी माझ्याबरोबर परळला आले. विहाराच्या खोलीत चपला काढून बसले, प्रोग्राम वाचला आणि कपाळाला हात लावला. "अगो, हे तर दार उघडं टाकून झोपले." रिकाम्या यादीपेक्षा मोठी भानगड त्यांना दिसली होती. माणूस रकान्यात जे टाइप करेल ते तो प्रोग्राम जसंच्या तसं प्रश्नाच्या वाक्यात चिकटवत होता. कुणी वाकडा माणूस तिथे गटाऐवजी भलतंच काही लिहिता, तर डेटाबेसने तो हुकूम समजून सगळी नावं पुसूनही टाकली असती. अंकल म्हणाले, वाक्य आपण लिहायचं. किंमत, म्हणजे माणूस रकान्यात टाइप करतो ते, जिथे यायची तिथे नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं. किंमत वेगळी पाठवायची. मग तिने कितीही वेडंवाकडं तोंड केलं तरी ती किंमतच राहते, हुकूम होत नाही. आणि यादी असेल तर आधी मोजायचं, जितक्या किमती तितकी प्रश्नचिन्हं.

"मला कळंल असं सांगा की," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, लग्नाची पंगत समजा. जितके पाहुणे तितकी पानं मांडायची. पाहुणा पानावर बसतो. तो मुदपाकखान्यात शिरून आचाऱ्याला हुकूम सोडत नाही. आत्ताच्या प्रोग्रामात पाहुणे थेट चुलीपाशी जाताहेत."

नानांना हे इतकं पटलं की पुढे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला डेटाबेस समजावून सांगू लागले. शेजारच्या चाळी आमच्यात आल्या तेव्हा ज्यांचे नंबर काढायचे त्या माणसांची यादी इतकी लांबली, की एवढी प्रश्नचिन्हं एका वाक्यात घ्यायला डेटाबेस तयार होईना. अंकलनी यादीचे तुकडे केले. नाना लगेच म्हणाले, "म्हंजे पहिली पंगत उठली की दुसरी." अंकलनी त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं.

भांडण झालं ते रिकाम्या यादीवरून. अंकलचं म्हणणं सरळ होतं. "पाहुणेच नाय तर पंगत मांडायची नाय. डेटाबेसला विचारायचंच नाय. उत्तर आपल्याला ठाऊक हाय. कोणी नाय."

"पाहुणे नसले तर शिजवलेलं टाकून देता काय?" नाना म्हणाले. "चाळीला वाढायचं. कोणी नाय असं नसतंच."

"मग पुन्हा त्या रविवारसारखं होनार."

"झालं तर झालं. आले ना सगळे?"

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "नाना, एका पिशवीसाठी हळद लागलेल्या बायकांना उन्हात उभं करायचं का?" अंकल पाहुणे होते म्हणून नानांनी माघार घेतली, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी कपडे द्यायला गेले तेव्हा इस्त्रीवरची नजर न हलवता त्यांनी सांगितलं, की कोकणात लहानपणी गावजेवणाला ते आईबरोबर कुंपणाबाहेर बसले होते. आतल्या सगळ्या पंगती उठेपर्यंत. मग कुणीतरी येऊन म्हणालं, संपलं. "तवापासून मला कोणी 'नाही' म्हटलं की आग होते बघ," ते म्हणाले. मी कपडे ठेवून घरी आले.

अंकलनाही त्यांचं कारण होतं. कुणाला कुणाचं चालतं त्या कोष्टकात आठ ओळी पुरेशा होत्या. त्यांनी नववी घातली, बॉम्बे गटाची. देणाऱ्यांच्यात स्वतःचं नाव घातलं. मी म्हटलं, अंकल, या गटाचे आपल्याकडे तुम्ही एकटेच. "म्हनूनच," ते म्हणाले. "मला काय झालं तर माझी यादी रिकामी, गो. स्वतःचं रक्त स्वतःला काय देनार? तवा प्रोग्रामने उगाच धावाधाव करायची नाय. सरळ सांगायचं. मी एकटा मानूस, मला खोटी आशा नको." बसस्टॉपवर उभं राहून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी. मला राग आला. स्वतःबद्दल इतकं थंडपणे बोलू नये माणसाने.

पण त्यानंतर ते दर शनिवारी यायला लागले. प्रोग्राम केव्हाच नीट झाला होता. आई बोंबील तळायची, ते बाटलीतला घरचा मसाला आणायचे, आणि दोघं आपापला मसाला कसा सरस यावर तास तास बोलायचे. नानांशी त्यांचं रिकाम्या यादीवरून भांडण चालूच. कधी कधी मला वाटायचं, हे दोघं ते भांडण मिटू देणार नाहीत, कारण मिटलं तर शनिवारी बोलायचं काय?

अंकल निवृत्त झाले, त्यानंतर एका पावसाळ्यात वाडीतल्या जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी परळला आणलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण त्यांच्या गटाच्या पिशव्या हाताशी असल्याशिवाय हात लावता येणार नाही. आणि या वयात माणूस असा पडून राहिला की छातीत कफ भरतो, मग सगळंच हातचं जातं. थोडक्यात, रक्त लवकर मिळालं तर अंकल उठतील, नाही तर नाही.

मी ऑफिसातून टॅक्सीने थेट विहारात आले. भर दुपार होती. नाना माझ्या मागे उभे राहिले. मी बॉम्बे गट टाकला, देणाऱ्यांतून अंकलचं स्वतःचं नाव वगळलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं, "कोणी नाही."

उत्तर अगदी बरोबर होतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं, अंकलनी शिकवलं तसं. एखाद्या बरोबर उत्तराचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

नानांनी चष्मा पुसून वाचलं. "बरोबर हाय काय हे?"

"बरोबर आहे, नाना."

"मग बंद कर ते."

आणि ते अंगणात गेले. वय झालं होतं, इस्त्रीचं दुकान मुलाने घेतलं होतं, आवाज पूर्वीसारखा चढत नव्हता. तरी तोंडाशी हात धरला. "अंकलला रक्त पायजे! कोण रिकामा हाय?"

दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "गट कुठला, नाना?"

"गट मिळत नाय. तुमी चला."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. लोक उतरायला लागले. गट कुठला ते कोणी पुन्हा विचारलं नाही. हे चूक आहे, याचा काही उपयोग नाही, हे मला तिथे सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. आणि मी त्यांच्यामागून चालत गेले.

रक्तपेढीच्या बाई या वेळी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ओ गटवाल्यांना तेवढं पुन्हा तपासते, कारण हा गट ओमध्ये लपलेला असतो. माझे वडील दाढी करून आले होते, तेही बसले. एकाचंही जुळलं नाही. ते सांगताना बाईंचाच चेहरा पडला. पण आमची मंडळी काही परत फिरेनात. "आलोच आहोत तर घ्या की, दुसऱ्या कुणाला लागेल," असं म्हणून एकेक जण बाह्या सरसावून आडवा झाला. ज्यांचं घेता येत नव्हतं, त्या बायका व्हरांड्यात बसून राहिल्या.

मी वर वॉर्डात गेले. अंकलचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "यादी बघितली?"

"बघितली."

"रिकामी?"

"हो."

"मग बरोबर चाललाय प्रोग्राम," म्हणाले, आणि डोळे मिटले. खाली कोण आलंय ते मी सांगितलं नाही. खोटी आशा नको, हे त्यांचंच वाक्य माझ्या तोंडावर बसलं होतं.

बाईंनी मधल्या वेळात फोन चालू ठेवले होते. अशा गटाच्या माणसांची माहिती ठेवणारे लोक ठिकठिकाणी आहेत. त्यांच्यातून दुसऱ्या शहरातली एक शिक्षिका आणि एक ट्रकचालक तयार झाले. पिशव्या बर्फात ठेवून विमानाने आल्या. त्या दोघांना आम्ही कधी पाहिलं नाही. आई अजूनही कधी कधी म्हणते, त्या बाईला साडी पाठवायची राहिली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळी मी कॉटजवळ बसले होते. अंकलना नुकतीच तरतरी आली होती. सिस्टर कागद घेऊन आली आणि म्हणाली, "पेशंटचं कोण आहे? भेटायला येणाऱ्यांची नावं सांगा, त्यांनाच वर सोडतील."

अंकलनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मला पाठ होतं. तेवढ्यात दाराबाहेरून वॉचमनशी हुज्जत घालणारा आवाज आला. नानांचाच.

"बाहेर कोन गो?" अंकलनी विचारलं.

"नाना आहेत. बाबा आहेत. पहिल्या मजल्यावरचे काका, आत्या, आई. बाकीचे खाली थांबलेत. परवापासून येताहेत."

"ते कशाला? यादी रिकामी होती ना?"

"होती. तरी आले. ज्यांचं घेता आलं त्या सगळ्यांनी रक्त दिलं, अंकल. तुमच्या नावाने."

त्यांनी दाराकडे मान वळवली. सिस्टर घाईत होती. "अहो, सांगताय ना? कोणी नाही असं लिहू का?"

"नाय, नाय," अंकल म्हणाले. "लिहून घे." आणि एकेक नाव सांगायला लागले. आधी नानांचं, मग माझ्या वडिलांचं, आत्याचं, हळदीच्या घरातल्या बायकांचं, ज्यांच्याशी ते शनिवारी जिन्यात दोन शब्द बोलत त्या म्हाताऱ्यांचं. त्यांना सगळ्यांची नावं ठाऊक होती. मी एकही सांगितलं नाही.

"बास हो, बास," सिस्टर म्हणाली. "एवढी नावं मावणार नाहीत यावर."

"मग दुसरा कागद घे, बाय," अंकल म्हणाले, आणि हुंदके देऊन रडायला लागले.